बुडीतक्षेत्रातील सहल

पाटबंधारे खात्याच्या मराठीत दोन शब्द नेहमी जोडीने येतात : ‘लाभक्षेत्र’ आणि ‘बुडीतक्षेत्र’. धरणाचे पाणी कालव्याने ज्या जमिनीपर्यंत पोहोचते ते लाभक्षेत्र आणि धरणाच्या भिंतीमागे जी जमीन पाण्याखाली जाते ते बुडीतक्षेत्र. गेल्या काही दशकांत या जोडीला तिसरा शब्द येऊन मिळाला आहे, ‘पर्यटनक्षेत्र’. हा तिसरा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याच्या काठावर तंबू ठोकतो. पवना, मुळशी, भंडारदरा अशी नावे घेतली तरी हे लक्षात येईल. आज मला त्यांपैकी भंडारदऱ्याविषयी लिहायचे आहे, आणि त्याहून अधिक, भंडारदऱ्याला जाऊन आल्यावर आपण जे लिहितो त्याविषयी. मराठी शिकवणाऱ्या माणसाने धरण आणि धबधबे यांच्यात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, इथला प्रश्न बऱ्याच अंशी भाषेचाच आहे.

आमचे महाविद्यालय प्रवरेच्या लाभक्षेत्रात येते. पदवीच्या वर्गांची वर्षासहल बहुधा भंडारदऱ्यालाच जाते. अंतर सोयीचे, खर्च बेताचा, आणि पालकांना ठिकाण ठाऊक असते. परत आल्यावर मुले वृत्तान्त लिहितात आणि ते तपासणे मराठी विभागाकडे येते. अनेक वर्षे हे वृत्तान्त वाचल्यावर एक गोष्ट जाणवते : त्यांत ठिकाण कोणते, हे शीर्षक झाकले तर ओळखता येत नाही. ‘निसर्गरम्य’, ‘नयनरम्य’, ‘हिरवा शालू’, ‘फेसाळणारे धबधबे’, ‘शहराच्या गजबजाटापासून दूर’, ‘पृथ्वीवरचा स्वर्ग’. शीर्षकात माथेरान घाला, आंबोली घाला, चिखलदरा घाला. मजकुरात एकही शब्द बदलावा लागणार नाही. या वृत्तान्तांत माणसे जवळजवळ नसतातच. असलीच तर एक ‘मावशी’ असते, तिने चुलीवर केलेले पिठले आणि भाकरी असते. मावशीला नाव नसते. तिच्या गावालाही पुष्कळदा नसते.

याचा दोष मुलांना देता येणार नाही. शाळेतल्या ‘आमची सहल’ या निबंधापासून वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांपर्यंत त्यांनी हीच भाषा वाचलेली असते. या भाषेचा गुण म्हणजे ती कुठेही चालते, आणि तिचा दोषही नेमका तोच. ‘निसर्गरम्य’ हे विशेषण एकदा लावले की पुढे पाहण्याची गरज उरत नाही. समोर जे दिसते ते निसर्गाने दिले, ते आपल्यासाठी आहे आणि ते नेहमीच असे होते, एवढ्या तीन गोष्टी हा एक शब्द परस्पर मान्य करून टाकतो. भंडारदऱ्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

भंडारदरा हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील गाव. रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते, रतनवाडीच्या प्राचीन अमृतेश्वर मंदिराच्या अंगाने खाली येते, आणि भंडारदऱ्यापाशी तिला भिंतीने अडवलेले आहे. या भिंतीचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले, म्हणून हे ‘विल्सन डॅम’. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि तिच्यामागे ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी पाणी मावते. पर्यटक ज्याला ‘आर्थर लेक’ म्हणतात ते हेच पाणी. तेव्हा ज्या तळ्याच्या काठी बसून आपण निसर्गाच्या अनादि शांततेविषयी लिहितो, ते तळे धरण होण्यापूर्वी तिथे नव्हते. तिथे नदीचे खोरे होते. खोऱ्यातला सखल, सपाट भाग पाण्याखाली गेला आणि कसणाऱ्याच्या वाट्याला उतार आणि कातळ उरला.

धबधब्यांचेही तसेच. भंडारदऱ्याच्या सहलीतले हमखास छायाचित्र म्हणजे ‘अम्ब्रेला फॉल’. धरणाच्या व्हॉल्व्हमधून सोडलेले पाणी खालच्या गोलसर कातळावर पडते आणि छत्रीसारखे पसरते. व्हॉल्व्ह बंद असेल तर धबधबा नसतो. थोडे पुढे गेल्यावर रंधा धबधबा लागतो, सुमारे १७० फुटांचा. तो अर्थातच धरणाहून पुष्कळ जुना आहे, त्याच्या माथ्यावर घोरपडादेवीचे ठाणे आहे. पण पावसाळा सरला की त्याचे रूपही धरणातून किती पाणी सुटते यावर ठरते. एरवी ज्याला आपण निसर्गाची लहर म्हणू, ती इथे आवर्तनाची तारीख असते. लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला आवर्तन या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. पाणी सुटले की पाटाने ते कधी आपल्या चारीला येईल, ‘टेल’पर्यंत पोहोचेल का, यावर त्याची झोप अवलंबून असते. त्याच पाण्याची जाताजाता झालेली छत्री आपण मोबाईलमध्ये टिपतो आणि खाली ‘निसर्गाची किमया’ असे लिहितो.

आता थोडे पाण्याच्या मागोमाग जाऊ. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. याच जिल्ह्याच्या पूर्व भागात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरपाशी अडखळतो. या तफावतीवरचा उपाय म्हणून धरण झाले, कालवे झाले. कालव्यांच्या पाण्यावर ऊस आला. हरेगावला खासगी साखर कारखाना आला, आणि १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसामागून पतपेढ्या आल्या, दूध संघ आले, शिक्षणसंस्था आल्या. आमच्यासारखी महाविद्यालये, त्यांतील ग्रंथालये, आमचे वेतन, मुलांची सहलीची वर्गणी, या सगळ्याचा माग काढत गेलो तर आपण फिरून त्याच भिंतीपाशी येतो. प्रवरेला या भागात ‘अमृतवाहिनी’ म्हणतात. लाभक्षेत्रात उभे राहून म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला या नदीची आणखी एक ओळख असायला हवी. हीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती तिच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली. मराठी भाषेच्या एका सर्वश्रेष्ठ ग्रंथाची नदी आणि ‘वीकेण्ड’च्या तंबूंसमोरचे पाणी एकच आहे, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते? अभ्यासक्रमात नेवासे येते, सहलीत भंडारदरा येतो. दोहोंना जोडणारी नदी मात्र कोणत्याच तासाला येत नाही.

भंडारदऱ्याच्या पाण्याला मागे जसा इतिहास आहे तसा पुढे वादही आहे. प्रवरा प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते आणि ते पाणी जायकवाडीत जाते. टंचाईच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून मराठवाड्यासाठी किती पाणी सोडायचे, यावरून आंदोलने झाली, न्यायालयापर्यंत प्रकरणे गेली. खाली निळवंडे धरण झाले; दुष्काळी गावांसाठीचा त्याचा डावा कालवा अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर २०२३ साली सुरू झाला. एवढ्या सगळ्या भांडणात एक आवाज फार क्षीण ऐकू येतो : ज्या डोंगरावर हे पाणी पडते आणि ज्या खोऱ्यात ते साठते, तिथल्या वाड्यांचा. प्रचंड पावसाच्या या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत कित्येक आदिवासी वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन उतरत्या पाण्याच्या मागे जातात. खाली अकरा टीएमसीचा जलाशय आणि वर डोक्यावर हंडा, हे दृश्य कोणत्याही प्रवासवर्णनाला पुरून उरेल असे आहे. तरी ते प्रवासवर्णनात येत नाही, कारण ‘रम्य’ या शब्दात त्याची सोय नाही.

माझा मुद्दा इथे येऊन ठेपतो. आपण लाभक्षेत्रातले लोक वर्षभर धरणाचा लाभ घेतो आणि दोन दिवसांच्या सुट्टीत करमणुकीसाठी बुडीतक्षेत्रात जातो. एकाच धरणापासून हा दुहेरी लाभ झाला. यात पाप आहे असे मी म्हणत नाही. माणसाने डोंगर चढावेत, पाण्याकाठी रात्र काढावी, पाऊस अंगावर घ्यावा. ज्याने हे कधी केले नाही त्याला मर्ढेकरांपासून महानोरांपर्यंतच्या कवितेतला पाऊस शिकवणे कठीण जाते, हा अध्यापनातला अनुभव आहे. माझी तक्रार एवढीच की, या दुसऱ्या लाभाची भाषा पहिल्या लाभाची किंमत झाकून टाकते.

मराठी साहित्याने या प्रदेशाकडे कसे पाहिले, हा आमच्या विषयाचा भाग. ढोबळमानाने तीन दृष्टी सांगता येतील. एक बालकवींपासून आलेली : निसर्ग हा एकांत, उदास किंवा आनंदी मनाचा सोबती. बालकवी १९१८ साली गेले. त्यांच्या कवितेची अखेरची वर्षे आणि भंडारदऱ्याच्या भिंतीची पहिली वर्षे एकच आहेत, हा निव्वळ योगायोग. तरी वर्गात सांगण्यासारखा. याच काळात, १९२१ साली, मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि त्याचे नेतृत्व करणारे सेनापती बापट हे पारनेरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. एकीकडे कवितेत निर्झर आणि औदुंबर, दुसरीकडे खोऱ्यांमध्ये भिंती आणि त्यांच्यासमोर आडवे पडलेले शेतकरी. आपल्या वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी एका पानावर येत नाहीत.

दुसरी दृष्टी गडकोटांची. गोपाल नीलकंठ दांडेकरांनी मराठी वाचकाला सह्याद्री पायी दाखवला आणि त्याचे ऋण मोठे आहे. आज रतनगडाच्या नेढ्यात उभे राहून वारा खाणारा प्रत्येक तरुण कळत-नकळत त्यांच्या वाटेने आलेला असतो. मात्र गडाचे प्रेम पुष्कळदा शिवकाळापाशी थांबते. गड पाहणारा तीनशे वर्षे मागे पाहतो आणि गडाच्या पायथ्याच्या वाडीतून शिट्टी वाजवत पुढे जातो. खुद्द दांडेकरांचे असे नव्हते. त्यांचा ‘माचीवरला बुधा’ हा मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा, आणि त्या कादंबरीचा नायक गड नसून माणूस आहे. त्यांच्या वाचकांनी गड घेतला आणि बुधा सोडून दिला, असे म्हणावेसे वाटते.

तिसरी दृष्टी जमीन आणि जगणे यांना वेगळे न करणारी. ती महानोरांच्या ‘रानातल्या कविता’त आहे, वेगळ्या रीतीने दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’त आहे. ऋतुचक्र वाचताना एक गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवावी : दुर्गाबाई ‘झाड’ असे मोघम म्हणून पुढे जात नाहीत. कोणते झाड, कोणत्या महिन्यात, पालवी कोणत्या रंगाची, हे सांगितल्याखेरीज त्यांचे सौंदर्य सिद्ध होत नाही. आणि विस्थापनाची बाजू १९९१ साली विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने इतक्या तपशिलाने मांडली की, ती वाचलेल्या माणसाला धरणाकाठी बसून केवळ ‘अहाहा’ म्हणणे अवघड जावे. गंमत अशी की ‘झाडाझडती’ आमच्याकडे वर्गात शिकवली जाते आणि त्याच सत्रात सहलीचा वृत्तान्त लिहिताना तीच मुले ‘अथांग निळाशार जलाशय’ लिहितात. साहित्य डोक्यात एका कप्प्यात आणि डोळे दुसऱ्या कप्प्यात, अशी ही व्यवस्था. तिला शिक्षण म्हणावे का, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा.

काठावरच्या तंबूंविषयी थोडे. उन्हाळ्याकडे जलाशय आटू लागला की पाण्याखालची जमीन उघडी पडते. मराठीत तिला ‘गाळपेर’ असा सुंदर शब्द आहे. गाळात पेर करायची जमीन. धरणाच्या काठची अशी जमीन हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. पाणी ओसरले की तिथे थोडे पीक घ्यायचे आणि पाऊस आला की पुन्हा पाण्याच्या स्वाधीन करायचे. आता याच पट्ट्यावर तंबू लागतात, कोळशाच्या शेगड्या पेटतात, ध्वनिवर्धक येतात. पिकापेक्षा तंबूतून पैसा लवकर मिळतो, हे खरे. मी तंबू लावणाऱ्या तरुणाला दोष देणार नाही. त्याला मुंबई-नाशिकची वाट धरावी लागली नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण ‘कॅम्पिंग’ या शब्दाबरोबर ‘गाळपेर’ हा शब्द चालला आहे, आणि शब्द गेला की त्याच्यामागची जमिनीची जाण जाते, हे भाषेच्या माणसाने तरी नोंदवून ठेवावे.

काजव्यांचेही असेच झाले आहे. मे महिन्याची अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, पहिला पाऊस येण्याच्या बेतात असताना, इथली हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे काजव्यांनी लखलखतात. हा उजेड म्हणजे काजव्यांची जोडीदार शोधण्याची भाषा आहे. नर चमकतो, मादी उत्तर देते. अंधार हे त्या संभाषणाचे माध्यम. ते पाहण्यासाठी शेकडो मोटारी दिवे लावून येतात. दिव्यांच्या झोतात काजव्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. इथल्या माणसाला सरपणाची मोळी आणताना अभयारण्याचे नियम आठवावे लागतात. मोटारीच्या दिव्यांना आणि ध्वनिवर्धकांना तेवढीच आठवण राहते का, हे जूनमध्ये तिथे रात्र काढणाऱ्याने पाहावे.

आणि आता कळसूबाई. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर; भंडारदऱ्याच्या सहलीला जोडून बारी गावातून लोक शिड्यांनी ते चढतात, माथ्यावरच्या छोट्या देवळापाशी छायाचित्र काढतात आणि उतरतात. बहुतेकांना कळसूबाईची गोष्ट ठाऊक नसते. ती इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे आणि आसपासच्या गावांत आजही सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी. ती एका घरी कामाला राहिली, पण एका अटीवर : सांगाल ते काम करीन, मात्र भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एकदा घरात कोणी आजारी पडले आणि तिला भांडी घासायला, केर काढायला सांगितले गेले. तिने ते काम केले आणि मग घर सोडून ती डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. जिथे ती राहिली ते शिखर.

महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागेला कोणा राजाचे, सेनापतीचे किंवा गव्हर्नरचे नाव नाही. दुसऱ्याची उष्टी भांडी घासायला नकार देणाऱ्या कामकरी मुलीचे आहे. तिला देवी करणाऱ्या लोकांनी या नकाराची किंमत जाणली होती. नवरात्रात आसपासच्या गावांतले लोक तो डोंगर चढून तिच्या दर्शनाला जातात. आता रविवारी सकाळी त्याच डोंगराच्या पायथ्याशी आणि जलाशयाच्या काठी पाहावे. रात्रीच्या मेजवानीची ताटे, बाटल्या, प्लास्टिकचे पेले पडलेले असतात आणि ते गोळा करायला वाडीतल्या बायका आलेल्या असतात. त्यांना आपण ‘मावशी’ म्हणतो. आपल्या भाषेतला हा एक गोड नातेवाचक शब्द. पण ज्या मावशीचे नाव आपल्याला ठाऊक नाही आणि जिने आपले उष्टे काढावे असे आपण गृहीत धरतो, तिच्याशी आपले नाते कोणते, हे त्या शब्दाआड लपून राहते. कळसूची अट अजून मान्य झालेली नाही, एवढेच यातून दिसते.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते यायलाच हवेत. पहिला असा की, माणूस दमूनभागून दोन दिवस बाहेर जातो. तिथेही त्याच्या मानगुटीवर इतिहास कशाला? मला वाटते, जाणिवेने आनंद कमी होतो हे गृहीतकच तपासायला हवे. ज्ञानेश्वरीची भाषा, तिचा काळ, तिची सामाजिक पार्श्वभूमी शिकल्याने तिचा रस उणावतो असे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. उलट तो वाढतो असे सांगतो. मग हा न्याय दरीला आणि धबधब्याला का नको? अम्ब्रेला फॉलचे पाणी कोणाच्या तरी गव्हाला निघाले आहे हे कळल्यावर तो कमी देखणा दिसतो, असा माझा अनुभव नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पर्यटनाने इथे रोजगार आला. नाचणी, वरई, भात आणि हिरड्याच्या वेचणीवर वर्ष निघत नव्हते. मग ही साहित्यिक कुरकुर करून आपण कोणाच्या पोटावर पाय देणार? हा प्रश्न विचारणाऱ्याशी माझा वाद नाही. घरगुती जेवण देणारी घरे, वाट दाखवणारी मुले, तंबू चालवणारे तरुण यांच्यामुळे पैसा वाडीत राहतो आणि तो तसाच राहायला हवा. मी पर्यटन थांबवा म्हणत नाही. मी म्हणतो, ज्यांच्या घरी आपण जेवतो त्यांना आपल्या मजकुरात नावानिशी जागा द्या, आणि त्यांच्या ज्ञानाला ज्ञान म्हणा. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची जपणूक केली. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाल्यावर आपण सर्वांनी त्यांचे कौतुक केले. पण त्यांच्यासारखी जाण असलेल्या कितीतरी बाया सहलीच्या बसला भाकरी वाढत असतात, आणि आमचे विद्यार्थी त्यांना एवढेच विचारतात की अजून चटणी आहे का.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच काही मंडळींचा असेल : आदिवासींच्या वतीने बोलणारे तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता शिकवलेल्या कोणालाही तो टाळता येणार नाही. म्हणून मी वाडीच्या वतीने काही बोलत नाही. मी लाभक्षेत्रातल्या माणसाच्या वतीने लाभक्षेत्राशी बोलतो आहे. आपली नजर कशी घडली आणि ती कशी बदलता येईल, हे आपल्या हातात आहे. तेवढे काम जरी केले तरी पुष्कळ झाले.

ते कसे करावे, याची मी आमच्या वर्गात करून पाहिलेली एक रीत इथे मांडतो. सहलीला निघण्यापूर्वी एक तास प्रवरेसाठी द्यायचा : उगम, धरण, कालवे, नेवासे, संगम. नकाशावर नदी बोटाने चालवायची. वृत्तान्तासाठी तीन अटी. पहिली, ‘निसर्गरम्य’ आणि त्याच्या सगळ्या भावंडांना मज्जाव. दुसरी, किमान दहा नामे स्थानिक माणसांना विचारून आणायची : झाडाचे, ओढ्याचे, शेताच्या प्रकाराचे, भांड्याचे, पावसाच्या प्रकाराचे, आणि ज्याने सांगितले त्याचे नाव, त्याची परवानगी घेऊन, सोबत. तिसरी, आपल्या घराचे या पाण्याशी काय नाते आहे, हे एका परिच्छेदात लिहायचे.

तिसऱ्या अटीने सर्वांत जास्त दिले. एका विद्यार्थिनीने लिहिले की, आवर्तन सुटले का हे पाहायला तिचे वडील रात्री-बेरात्री पाटावर जातात. ते पाणी कुठून येते हे तिने घरात कधी विचारले नव्हते, आणि भिंतीवर उभे राहिल्यावर तिला प्रथम वाटले की इथे आपल्या ओळखीचे काहीतरी आहे. दुसऱ्याने लिहिले, त्याच्या घरी पाटाचे पाणी येत नाही. तो दुष्काळी गावातला आहे, आणि एवढे पाणी पाहून त्याला आनंद होण्याआधी राग आला. दोन्ही मजकुरांत व्याकरणाच्या चुका होत्या, विशेषणे मोजकी होती, आणि दोन्ही भंडारदऱ्याविषयीच होते. शीर्षक झाकले तरी ते दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाला लावता आले नसते.

मराठीचे अध्यापक म्हणून आपल्याकडे धरणांची धोरणे नाहीत, अभयारण्याचे नियम नाहीत, तंबूंचे परवाने नाहीत. आपल्याकडे शब्द आहेत आणि ते वापरणारी मुले आहेत. ही मुले उद्या पाटबंधारे खात्यात जातील, पर्यटनाच्या व्यवसायात जातील, शिक्षक होतील, काही तर नुसतेच सुट्टीला तंबूत राहायला जातील. त्यांनी पाण्याकाठी बसावे, पाय सोडावेत, रात्री आकाश पाहावे. सकाळी आपली ताटे आपण घासावीत. आणि घरी येऊन लिहिताना वाडीचे नाव, ओढ्याचे नाव आणि भाकरी करणाऱ्या बाईचे नाव शुद्ध लिहावे. एवढे आले की ‘निसर्गरम्य’ या शब्दाची गरज आपोआप संपते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.